बारीक अक्षरांचे पेडगावकर सर

पेडगावकर सरांवर गौरवग्रंथ निघतोय. समितीतल्या एका प्राध्यापकांचा मला फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी. तुमचा लेख पाहिजेच." मी आणि लाडकी? मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, "स्वतः सरांनीच." हसावं की फोन आपटावा, मला कळेना. वर गृहस्थ म्हणतात, "फक्त लेख सरांच्या टेम्प्लेटमध्ये टाइप करून पाठवा. सरांचा तसा आग्रह आहे." झालं! माझं डोकं सणकलं. स्वतःच्या कौतुकाचं मार्जिनसुद्धा हा माणूस स्वतःच आखून देणार. लेख देणार नाही म्हणून मी फोन ठेवला, पण सर काही डोक्यातून जाईनात. म्हणून हे लिहितेय. गौरवग्रंथात हे कुणी छापणार नाही, आणि छापा म्हणून मी कुणाच्या पाया पडायला जाणार नाही.

पेडगावकर सर परभणीच्या एका कॉलेजात मराठीचे विभागप्रमुख होते आणि माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. उंचीनं बेताचे, शर्टाला इस्त्री अशी की बसताना आवाज यावा. खिशाला दोन पेनं, दोन्ही लाल. मी तेव्हा पालमच्या ज्युनियर कॉलेजात शिकवत होते. शनिवारी सकाळची कॉलेजची वेळ उरकायची, एसटीनं गंगाखेड गाठायचं, तिथून परभणी. धुळीनं माखून केबिनच्या दारात उभी राहिले की सर आधी घड्याळाकडे बघायचे, मग माझ्या चपलांकडे, आणि मग म्हणायचे, "वाघमारेबाई, एसटी उशिरा आली हे कारण नसतं. ती सवय असते." स्वतः कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहायचे. त्यांना एसटीचं काय जातंय?

मराठीच्या प्राध्यापकाचा जीव कशात असेल असं वाटतं तुम्हाला? कवितेत? कादंबरीत? कसलं काय! सरांचा जीव स्टाइलमध्ये. कपड्यांच्या नव्हे, वर्डमधल्या. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरवर काही लिहिताना प्रत्येक मथळा हातानं मोठा करायचा, ठळक करायचा, मधे आणायचा, असं आपण सगळे करतो. त्याऐवजी एकदाच ठरवून टाकायचं की मथळ्याचं अक्षर एवढं, जाडी एवढी, खाली जागा एवढी, आणि त्या सगळ्याला एक नाव द्यायचं. पुढे जिथे मथळा येईल तिथे ते नाव लावायचं, की तो आपोआप तसा होतो. नंतर त्या नावात एक बदल केला की अख्ख्या पुस्तकातले मथळे बदलतात. सोय चांगली आहे, मी नाकारत नाही. मीही ती आज वापरते, आणि ती मला सरांनीच शिकवली.

पण शिकवणं कसलं, ती धाकदपटशाच होती. सरांनी आपल्या स्वतःच्या स्टाइल बनवल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकानं त्याच वापरायच्या. नावं ऐका. 'सर-शीर्षक'. 'सर-उपशीर्षक'. 'सर-मजकूर'. 'सर-अवतरण'. एवढ्यावर थांबतील तर ते पेडगावकर सर कसले! एक 'सर-आभार'सुद्धा होती. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानताना आईबापांची, नवऱ्याची नावं साध्या अक्षरात आणि मार्गदर्शकाचं नाव ठळक, अशी सगळी व्यवस्था त्यात आधीच करून ठेवलेली. आपण फक्त कृतज्ञता भरायची.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. "स्पेसबार मारून मथळा मधे आणणारा माणूस आणि जिन्यात पिचकारी मारणारा माणूस, माझ्या लेखी एकच." हे दर शनिवारी. कुणी नुसतं अक्षर ठळक केलेलं सापडलं की चष्मा काढून विचारायचे, "हे हातानं केलंत?" असं विचारायचे की आपण कुणाच्या कानाखाली मारून आलोय असं वाटावं. प्रबंधात काय लिहिलंय, ते चूक की बरोबर, विचारात काही दम आहे का, यावर सर माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. नुसतं मार्जिन, मार्जिन आणि मार्जिन.

माझ्याबरोबर दिगंबर होता. आमच्याच ताडकळसकडचा, कोरडवाहू शेती असलेल्या घरातला, तासिका तत्त्वावर कुठे कुठे शिकवून पोट भरणारा. त्यानं पहिलं प्रकरण अर्धं मोबाइलवर आणि अर्धं नेट कॅफेत बसून टाइप केलं होतं. सरांनी ते प्रोजेक्टरवर भिंतीवर लावलं आणि एक बटण दाबलं. त्या बटणानं एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात, प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका. भिंत ठिपक्यांनी भरून गेली. सर छडी फिरवत म्हणाले, "बघा, दिगंबररावांचं शेत बघा. पेरणी कशी दाट झालीय!" दोघंतिघं फिदीफिदी हसले. मग सरांनी त्याला सगळ्यांच्या समोर तो एकेक जादा ठिपका खोडायला बसवलं, आणि आपण चहा प्यायला सुरुवात केली. दिगंबरचे कान लाल झाले होते. तो मान खाली घालून बटण दाबत राहिला.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ताडकळसच्या बाजारात भेटला तेव्हा मी त्याला धरलंच. तर म्हणाला, "ताई, मी काय तिथं ठिपके येचायला आलतो का? लय झालं. मी आता न्हाई येत." मी खूप समजावलं, पण त्याची समजूत पटली नाही. त्याचा विषय चांगला होता, तो लिहितही चांगला होता. इकडे सरांनी हजेरीच्या कागदावर त्याच्या नावावर काट मारली आणि त्याचं नाव परत काढलं नाही. या माणसाचा गौरवग्रंथ निघतोय!

अपमानाचं वाटप करण्यात मात्र सर समतावादी. लहानमोठा, आपला-परका, कुणालाही कमी पडू द्यायचे नाहीत. विभागाचे शिपाई शेख चाचा. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि चाचा नवा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन, पत्रिका द्यायला केबिनमध्ये आले. मी तिथेच बसले होते. सरांनी पत्रिका उघडली, खिशातलं लाल पेन काढलं आणि तपासायला सुरुवात केली. मुलीच्या नावापेक्षा मंगल कार्यालयाचं नाव मोठं झालंय, त्याला गोल. मजकूर मधे नाही, त्याला बाण. ओळींमधली जागा कमी-जास्त, तिथे प्रश्नचिन्ह. पत्रिका रंगवून परत दिली आणि म्हणाले, "दुरुस्त करून आणा, मग येतो." चाचांनी पत्रिका परत घेतली. मग शांतपणे म्हणाले, "सर, मैं दावत देने आया था. पेपर जँचवाने नईं आया." पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून गेले. सर लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर त्या केबिनमध्ये सरांचा चहा कायम गार आला आणि आमचा वाफाळता. सरांना वाटायचं, कँटीनचं अंतर फार आहे.

लोक मला हळूच विचारतात, "जातीचं काही होतं का हो?" आम्ही बौद्ध, म्हणून विचारतात. खरं सांगू, सरांच्या तोंडून तसा शब्द मी कधी ऐकला नाही. दिगंबर काही आमच्यातला नव्हता, आणि त्याची तर माझ्याहून जास्त वाट लावली. पण कुणाचं बोलणं मोठ्या अक्षरात यावं आणि कुणाचं बारीक, हे सरांनी मनात फार आधीपासून ठरवून टाकलं होतं. ते कुठून आलं, त्याचा शोध घ्यायला मी गेले नाही. माझं भांडण त्या बारीक अक्षराशी होतं.

माझ्या प्रबंधाचा विषय होता शेतमजूर बायकांचं बोलणं. काम करताना, बांधावर बसून भाकरी खाताना बायका काय बोलतात, कशा बोलतात, ते मी गावोगाव फिरून रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं उतरवलं. पहिली मुलाखत माझ्या आईची. तिची सगळी हयात ताडकळसच्या आसपास दुसऱ्यांच्या रानात निंदण्या-खुरपण्यात गेली. आई वाचायला शिकली ती आम्ही मोठे झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गात. आणि नीट वाचता येऊ लागलं तोवर डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर काही परत आलं नाही. पेपर आला की ती मथळे वाचायची आणि खालची बातमी मला विचारायची. एसटीची पाटी वाचायची. विहारातला फलक वाचायची. त्याच्या खाली गेलं की संपलं.

तिनं मला एक दिवस विचारलं, "सुषी, माझं बोलनं पुस्तकात येनार म्हनं?"

"येणार की."

"मग मला वाचता यील आसं छाप. मथळ्यावानी. मी विहारात वाचून दावनार हाय समद्या बायकायला."

मी हो म्हटलं. आईनं लगोलग वस्तीत सांगून टाकलं. दर रविवारी वंदना झाली की बायका विचारायच्या, "झालं का वो सुषीचं पुस्तक?" आणि आई म्हणायची, "व्हायलंय, व्हायलंय."

आणि इकडे 'सर-अवतरण'! दुसऱ्याचं बोलणं म्हणजे अवतरण, आणि ते या स्टाइलमध्येच घालायचं. दहाचं अक्षर, तिरपं, दोन्ही बाजूंनी आत दाबलेलं. मी एक पान छापून आईला दाखवलं. तिनं ते जवळ धरलं, लांब धरलं, अंगणात उन्हात नेलं. "मुंग्या हायेत ह्या," म्हणाली. मग पान नीट घडी करून माझ्या हातात दिलं. "ऱ्हाऊ दे मग." एवढंच. तिनं आदळआपट केली असती तर परवडलं असतं.

मी एक नवी स्टाइल बनवली. सोळाचं अक्षर, सरळ, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाव दिलं 'आई'. सगळ्या बायकांच्या बोलण्याला ती लावली आणि शनिवारी पेनड्राइव्ह सरांपुढे ठेवला. स्टाइलच्या यादीत ते नाव दिसताच सरांनी चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"सर, बायकांचं बोलणं त्यांना स्वतःला वाचता यावं, म्हणून अक्षर मोठं घेतलंय. विद्यापीठाच्या नियमात अवतरणाच्या मापाचं काहीच म्हटलेलं नाही."

"अवतरण म्हणजे पुरावा, वाघमारेबाई. पुरावा बारीकच असतो. मोठा असतो तो संशोधकाचा मजकूर."

"सर, इथे पुरावा हाच माझा प्रबंध आहे."

"आणि नाव काय, 'आई'? स्टाइलला नाव द्यायची काही शिस्त असते."

माझी जीभ सुटलीच. "'सर' चालतं, तर 'आई' का नाही चालत?"

सर माझ्याकडे बघून हसले. तो माणूस चिडला असता तर मला त्याचा इतका राग आला नसता. "सही मी करणार आहे," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर त्यांनी 'आई'वर माऊस नेऊन ती स्टाइल डिलीट केली. स्टाइल गेली की तिच्यातला मजकूर जातो तो वर्डच्या मूळ, साध्या अक्षरात, कसलीच ओळख नसलेला. पानामागून पानं, सगळ्या बायका एका क्षणात तशा झाल्या. मग सरांनी सगळ्यांना एकदम निवडलं आणि 'सर-अवतरण' लावली. खुर्ची मागे टेकवून म्हणाले, "आता कसं एकसारखं दिसतंय." परतीच्या एसटीत मी खिडकीला तोंड लावून सरांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिणार नाही. ताडकळसच्या बाजारात शिकलेल्या होत्या.

आता सरांची एक खोड सांगते. सर पान बघत नसत. फाइल एका वेगळ्याच रूपात उघडायचे, ज्यात सगळा मजकूर एकाच ठोकळेबाज अक्षरात दिसतो, मोठा नाही, बारीक नाही, तिरपा नाही. आणि डाव्या बाजूला एका पट्टीत, प्रत्येक परिच्छेदासमोर, त्याला लावलेल्या स्टाइलचं नाव. सर ती पट्टी तेवढी वाचायचे. सर-मजकूर, सर-अवतरण, सर-मजकूर, सर-उपशीर्षक. ओठ हलवत, जप केल्यासारखं. नावं बरोबर तर प्रबंध बरोबर! छापलेला कागद तपासणं हे त्यांच्या मते जुन्या लोकांचं काम. प्रमाणपत्राच्या सुट्या पानावर सही करायचे, आणि बांधून आलेली प्रत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असायची तशीच कपाटावर चढवायचे.

यावरून मला युक्ती सुचली ती एसटीत, गंगाखेडच्या अलीकडे. मी चक्क मोठ्यानं हसले, शेजारची बाई दचकली.

घरी येऊन मी बायकांच्या बोलण्याला हात लावला नाही. प्रत्येकीला 'सर-अवतरण' लावलेली होती, ती तशीच राहू दिली. फक्त त्या नावाच्या पोटात शिरले. मॉडिफाय. दहाचे सोळा, तिरप्याचं सरळ, दोन्ही बाजूंचं दाबणं शून्य. ओके. एका ओकेत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या बायका ताठ उभ्या राहिल्या. ही करामत मला सरांनीच शिकवली होती, त्याबद्दल त्यांचे आभार. साध्या अक्षरात.

शनिवारी सरांनी पट्टी वाचली. सर-मजकूर, सर-अवतरण, सर-अवतरण. "आता तुम्ही शिकलात," म्हणाले, आणि सही केली. मी नमस्कार करून बाहेर पडले.

प्रबंध बांधून जमा केला, पण पुढचे कितीतरी महिने माझ्या जिवाला घोर. तोंडी परीक्षेच्या आधी सरांनी ती प्रत उघडली तर? सगळं परत करायला लावलं असतं, आणि पुन्हा सही देताना मला नाकदुऱ्या काढायला लावल्या असत्या. दर शनिवारी केबिनमध्ये शिरले की मी आधी कपाटाकडे बघायचे, प्लॅस्टिक फाटलंय का. आईलाही प्रत दिली नाही. दिली असती तर तिनं विहारात वाचलीच असती, आणि ही गोष्ट परभणीला पोचायला कितीसा वेळ लागतो? आई विचारायची आणि मी टाळायचे. शेवटी तिनं विचारणंच सोडलं. तिला वाटलं, मी हरले.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. आई वस्तीतल्या बायकांना घेऊन आली, सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून, पहिल्या रांगेत. दारात शेख चाचा उभे. मी एक प्रत आईच्या मांडीवर ठेवली आणि काही न सांगता समोर जाऊन उभी राहिले. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी बरंच विचारलं, मी उत्तरं दिली. मग प्रबंध चाळत ते म्हणाले, "मुलाखती मोठ्या अक्षरात घेतल्यात. असं मी पहिल्यांदाच बघतोय. हा निर्णय कुणाचा?"

सरांनी भुवया चढवल्या आणि समोरची प्रत पहिल्यांदा उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग शेवटाकडचं. मग माझ्याकडे बघितलं. हा माणूस आता उभा राहून 'हे नियमबाह्य आहे' म्हणणार, माझी इतक्या वर्षांची मेहनत इथेच बुडणार.

सर उठले. माईक हातात घेतला. घसा साफ केला. "ती माझी शैली आहे," म्हणाले. "'सर-अवतरण'. तळातल्या माणसाचा आवाज मोठा व्हावा, ही माझी पहिल्यापासूनची भूमिका."

टाळ्या! परीक्षकांनीही वाजवल्या. समोरचा पाण्याचा तांब्या उचलून घालावा असं मला वाटलं. दारातून चाचा माझ्याकडे बघत होते, त्यांनी हळूच मान हलवली. मी तोंड उघडलं असतं तर पदवी गेली असती, हे सरांना माहीत होतं आणि मलाही. आणि सर बोलत सुटले. आपल्याला ही कल्पना कशी सुचली, विद्यार्थ्यांचा विरोध पत्करून ती कशी राबवली. विद्यार्थ्यांचा विरोध!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक आवाज यायला लागला. आईनं प्रबंध उघडला होता. बोट ओळीवर ठेवून, एकेक अक्षर जोडत ती वाचत होती. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्यानं. "मु... का... दम. मुकादम म्हनायचा..." शेजारच्या बायका तिच्याकडे झुकल्या.

सर बोलायचे थांबले. "बाई, जरा शांत. कार्यक्रम चालू आहे. नंतर वाचा."

आईनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं.

"नंतर कशाला?" ती म्हणाली. "आत्ता दिसायलंय की मला."

आणि पुन्हा मान खाली घालून पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाचायला लागली, "मुकादम म्हनायचा, बायांनो, तोंडं बंद ठिवा, हात चालवा. आमी दोनी बी चालवायचो." बायका खळखळून हसल्या. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागले. सरांनी माझ्याकडे बघितलं, आवरा हिला, अशा नजरेनं. मीही त्यांच्याकडे बघितलं, आणि हाताची घडी घातली.

सर माईक धरून तसेच उभे होते. आईनं जिभेला बोट लावलं आणि पुढचं पान उलटलं.